सेकंदाला पंचवीस

लग्नात हमखास हुकणारा फोटो म्हणजे अंतरपाट बाजूला होतानाचा. शेवटचं ‘सावधान’ झालं की भटजी कापड ओढून घेतात, नवरानवरी एकमेकांकडे पाहतात आणि अर्ध्या सेकंदात दोघंही भान येऊन फोटोवाल्याकडे बघायला लागतात. फोटोवाल्याने कळ वेळेवर दाबलेली असली, तरी नेमक्या त्याच वेळी कुणी मामा अक्षता उधळत मधे आलेला असतो. शूटिंगवाल्याचं तसं नसतं. त्याचा कॅमेरा पहिल्या मंगलाष्टकेपासून चालूच असतो आणि त्या अर्ध्या सेकंदाची बारा-तेरा चित्रं त्याच्या कॅमेऱ्यात उतरलेली असतात. मामाचा हात त्यांतल्या सगळ्यांत नसतो.

डिजिटल कॅमकॉर्डरने, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यात हॅन्डीकॅमने, स्थिर फोटो काढायचा विषय निघाला की लोक त्यावरच्या ‘फोटो’ लिहिलेल्या बटणाबद्दल बोलतात. माझं मत असं की ते बटण हा त्या यंत्राचा सगळ्यात दुबळा भाग आहे. हॅन्डीकॅमची ताकद त्याच्या चालत्या चित्रात आहे. फोटो कुठला हवा हे आधी न ठरवता मागाहून, घरी बसून, चहा पीत ठरवायची मुभा तो देतो. फक्त त्यासाठी हे यंत्र चित्र कसं साठवतं ते माहीत असायला हवं.

हॅन्डीकॅममध्ये घालायची छोटी डिजिटल टेप, म्हणजे मिनीडीव्ही कॅसेट, 1995 साली आली. पुढची दहाबारा वर्षं घरगुती आणि लग्नाच्या शूटिंगवर तिचंच राज्य होतं. सुरुवातीच्या यंत्रांत फोटोचं बटण दाबलं की एकच चित्र गोठवून ते सहा-सात सेकंद टेपवरच भरलं जायचं, वर त्या वेळचा आवाजही. म्हणजे फोटोला पार्श्वसंगीत! पुढे यंत्राच्या कडेला मेमरी कार्डाची खाच आली आणि फोटो वेगळा साठू लागला, पण साध्या यंत्रांत तो 640 गुणिले 480 ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम 3 लाख ठिपक्यांचा असायचा. मग मेगापिक्सेलची स्पर्धा सुरू झाली आणि खोक्यांवर मोठमोठे आकडे आले. यातले काही आकडे संवेदकाने खरोखर पाहिलेले ठिपके सांगत नव्हते. दोन ठिपक्यांच्या मधे तिसरा गणिताने भरून काढलेला असे. फाईल मोठी व्हायची, तपशील तेवढाच राहायचा.

तपशील कमी असण्याचं मूळ कारण काचेच्या आत आहे. स्वस्त हॅन्डीकॅममधला संवेदक ‘एक षष्ठांश इंची’ म्हणवला जाई. प्रत्यक्षात तो सुमारे 2.4 मिलिमीटर रुंद आणि 1.8 मिलिमीटर उंच. जुन्या रोलवरचं एक चित्र 36 गुणिले 24 मिलिमीटरचं असायचं, म्हणजे क्षेत्रफळात दोनशे पट. एवढ्याशा तुकड्यावर उजेड कमी पडतो, आणि कमी उजेडात चित्रात रवा दिसायला लागतो. याची दुसरी बाजू अशी की इतक्या लहान संवेदकामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट येतं. नवरीच्या मागचा मांडव धूसर होत नाही. पोर्ट्रेटच्या हिशेबाने हा दोष समजला जायचा. वीस वर्षांनी त्याच मांडवामागचा रस्ता पाहायचा असेल, तर हाच गुण ठरतो.

भारतात टीव्हीची पद्धत पाल होती, त्यामुळे इथल्या डीव्ही कॅमेऱ्याची फ्रेम 720 ठिपके रुंद आणि 576 ओळी उंच असते, अशा सेकंदाला 25. गुणाकार केला तर 4 लाख 14 हजार 720 ठिपके. यात एक खोच आहे. हे ठिपके चौरस नसतात, किंचित रुंद असतात. संगणक मात्र त्यांना चौरस समजतो. चित्र जसंच्या तसं उचललं तर रुंदी कमी पडते आणि सगळी मंडळी बारीक दिसतात. नवरीची त्याबद्दल तक्रार नसते, पण थाळी आणि चाकं लंबगोल होतात, म्हणून रुंदी 768 करून घ्यायची. रंगाचा हिशेब आणखी तोकडा आहे. पाल डीव्हीमध्ये उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा नोंदला जातो, पण रंग चार ठिपक्यांमागे एकदाच. लाल शालूची कड शेजारच्या हिरव्या चुड्यावर सांडल्यासारखी दिसते ती यामुळे. कॅमेरा बिघडलेला नसतो.

यापेक्षा मोठी अडचण ओळींची. फ्रेम एकदम टिपली जात नाही. आधी एक आड एक अशा 288 ओळी टिपल्या जातात, मग 1/50 सेकंदाने उरलेल्या 288. अशा प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. टीव्हीवर हे डोळ्याला कळत नाही. पण टेप थांबवून फ्रेम उचलली की जे जे हलत होतं त्याच्या कडेला फणीचे दात उगवतात. किती मोठे, ते सहज मोजता येतं. अंबरनाथहून बदलापूरकडे ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी लोकल 1/50 सेकंदात 33 सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजे सम ओळींतली खिडकी आणि विषम ओळींतली खिडकी यांत फूटभर अंतर! आशीर्वाद देणारा हात किंवा वरातीत नाचणारा भाऊ लोकलच्या वेगाने हलत नाही, पण दात दिसायला पुरेसा हलतो.

इथे बरेचजण शटरचा वेग वाढवतात आणि तरी दात जात नाहीत म्हणून वैतागतात. शटर 1/1000 वर नेलं तर त्याच लोकलचा फराटा 33 सेंटीमीटरवरून पावणेदोन सेंटीमीटरवर येतो, हे खरं. पण ते प्रत्येक फील्डपुरतं. दोन फील्डमधलं 1/50 सेकंदाचं अंतर तसंच राहतं, त्यामुळे दात उलट जास्त धारदार दिसतात. त्यावर दोन उपाय आहेत. कॅमेऱ्यात प्रोग्रेसिव्ह पद्धत असेल तर ती निवडायची, म्हणजे सगळ्या ओळी एकदम टिपल्या जातात. जुनी टेप असेल तर एक फील्ड टाकून द्यायचं आणि राहिलेल्या 288 ओळींवरून मधल्या ओळी भरून घ्यायच्या. अर्धा तपशील जातो, चेहरा मात्र शाबूत राहतो. मंडपात सगळे स्तब्ध उभे असतील, तर यातलं काही करू नये, दोन्ही फील्ड ठेवावीत. सरसकट सगळ्या फ्रेमना एकच औषध देणारे लोक विनाकारण अर्धं चित्र फेकून देतात.

शटरबद्दल आणखी एक. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. हॉलमध्ये शटर 1/250 केलं तर काही फ्रेम उजळ, काही पिवळसर काळपट असा खेळ होतो. 1/50 किंवा 1/100 वर राहिलं की तो थांबतो. तसंही 1/50 वरून 1/250 वर जाताना उजेड पाचपट कमी होतो, आणि कार्यालयातल्या उजेडाला ते परवडत नाही. भर उन्हातल्या वरातीला वेगवान शटर, हॉलमध्ये सावकाश, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे सगळं आजमावून पाहायला उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात अंबरनाथच्या शिवमंदिरासारखी जागा नाही. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहारांचं. इथल्या शिलालेखात शके 982 हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. 1060. भिंतीचा इंच न् इंच कोरलेला, दगड काळा बेसाल्ट. मुंबई सरकारने 1868 साली जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून या देवळाची मोजून काढलेली चित्रं, साचे आणि फोटो करवून घेतले होते. त्या काळी फोटोची काच जागेवर रसायन लावून तयार करायची आणि ती ओली असेतो टिपून धुऊनही काढायची. काचा, बाटल्या, अंधाऱ्या तंबूसह सगळं बिऱ्हाड देवळापाशी न्यावं लागे. हॅन्डीकॅम खांद्यावरच्या पिशवीत मावतो, पण काळ्या दगडाचा प्रश्न त्यालाही सुटत नाही.

दुपारी बारा वाजता गेलात तर आकाश पांढरंफटक आणि देऊळ काळा ठोकळा असं चित्र येईल. व्हिडिओ कॅमेऱ्याला उजेड आणि सावली यांतली तफावत फार पेलत नाही. स्वयंचलित मापन आकाशाकडे बघून भोक लहान करतं आणि कोरीवकाम अंधारात जातं. म्हणून आधी झूम करून फ्रेममध्ये नुसता दगड भरायचा, तिथे एक्स्पोजर कुलूपबंद करायचं आणि मग मागे यायचं. आकाश जळालं तर जळू द्यावं. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी बाजूच्या मूर्तींवर उन्हाचा तिरपा हात फिरतो तो दुपार कलल्यावर, आणि तिरप्या उन्हातच कोरीव कामाला खोली येते.

शिखराच्या अंगावरच्या वरच्या मूर्तींसाठी हॅन्डीकॅमचं झूम खरोखर कामाचं आहे. दहा किंवा वीस पट काचेचं झूम साध्या यंत्रातही असतं आणि एवढ्या पल्ल्याची लेन्स फोटोच्या कॅमेऱ्याला घ्यायची म्हटली तर खिसा रिकामा होतो. फक्त डिजिटल झूम सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकावं. ते काही जवळ आणत नाही, आहे तेच ठिपके फुगवतं. इतक्या झूमवर हाताची थरथर दिसणारच, पण इथेच चालत्या चित्राचा फायदा मिळतो. खांबाला पाठ टेकवून, श्वास रोखून दहा सेकंद शूट केलं की 250 फ्रेम हाती येतात. थरथर सारखी नसते. हात एका टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी तो जवळजवळ स्थिर असतो, आणि अशी पाचदहा तरी चित्रं त्या 250 मध्ये सापडतात.

एका फ्रेममध्ये 4 लाखच ठिपके असतील तर अख्खी भिंत कशी घ्यायची? तुकड्यातुकड्याने. झूम पुढे न्यायचं, भिंतीचे आडवे चार आणि उभे तीन असे 12 भाग ठरवायचे, प्रत्येक भाग शेजारच्यावर एक तृतीयांश चढेल असं बघायचं आणि प्रत्येकापाशी कॅमेरा दोनतीन सेकंद थांबवायचा. संगणकावर हे 12 तुकडे जोडले की साधारण 2304 गुणिले 1344 ठिपक्यांचं, म्हणजे 3 मेगापिक्सेलचं चित्र तयार होतं. मात्र एक्स्पोजर आणि रंगाचा समतोल दोन्ही कुलूपबंद हवेत. नाहीतर प्रत्येक तुकड्याचा दगड वेगळ्या छटेचा येतो आणि जोड उघडे पडतात.

गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे आणि वरून आकाशाला उघडा. उजेड येतो तो विहिरीत यावा तसा वरून, आणि भिंतींपर्यंत पोचेतो संपतो. इथे एकटी फ्रेम रव्याने भरलेली येणार. पण रवा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, दगड त्याच जागी असतो. न हलता घेतलेल्या 4 फ्रेमची सरासरी काढली तर रवा निम्म्यावर येतो, 16 फ्रेमची काढली तर चौथाईवर. सोळा फ्रेमना वेळ किती लागतो? 0.64 सेकंद. फोटोच्या कोणत्याही साध्या संपादकात हे जमतं. फ्रेम एकावर एक ठेवायच्या, खालची पूर्ण, दुसरी 50 टक्के पारदर्शक, तिसऱ्या फ्रेमची गडदता 33 टक्के, चौथीची 25 टक्के, असं उतरत जायचं. कॅमेरा हलता कामा नये ही अट. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, शिवाय हे पूजेतलं देऊळ आहे. रांगेतल्या भाविकांना थांबवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला अजिबात आस्था नाही.

नवं शूटिंग एवढंच. खरा खजिना जुन्या कॅसेटींत आहे. बदलापूर, अंबरनाथची लग्नं ठरली की कापडखरेदीला उल्हासनगरचं गजानन मार्केट, आणि लग्नाचं शूटिंग आलंच. या कॅसेटी आज लॉफ्टवर पडल्या आहेत. त्यांत नवरानवरी आहेतच, पण त्यांच्या पाठीमागे एक गावही आहे. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी कुटुंबं वसवली गेली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं नाव उल्हासनगर झालं. वस्तीचे भाग अजूनही कॅम्प नंबरांनीच ओळखले जातात, बराकी मात्र इमारतींखाली गेल्या. बदलापूर तर दहा वर्षांत ओळखू येईनासं झालं. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 98 हजारांच्या आत होती, 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. तिथे लग्नाची वरात ज्या रस्त्याने गेली त्याच्या कडेला भातशेती होती की इमारत, हे सांगणारं चित्र वरातीच्या कॅसेटमध्ये मिळायची शक्यता अल्बमपेक्षा जास्त. फोटोवाला माणसांवर रोखलेला असतो, शूटिंगवाला चालता चालता सगळंच भरत जातो.

पुराचं उदाहरण घ्या. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी या सगळ्या पट्ट्यात शिरली तेव्हा कॅमेरावाला मोबाईल फार थोड्यांच्या खिशात होता. त्यानंतर 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं, आणि ती दृश्यं तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर होती. 2005 चं जे काही घरगुती चित्रण असेल ते बरंचसं अशा सहा मिलिमीटरच्या टेपांवर आहे, आणि कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. बुरशीची टेप यंत्रात घातली तर हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या टेपाही बिघडतात, म्हणून आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून रिळावर पांढरे ठिपके आहेत का ते पाहावं. कॅसेटच्या पाठीवर एक इवली सरकपट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून त्यावर नवं काही भरलं जाणार नाही.

टेप संगणकात घ्यायची ती फायरवायरच्या तारेने. हॅन्डीकॅमला यूएसबीही असते, पण बऱ्याच यंत्रांत ती कार्डावरचे फोटो आणि हलक्या दर्जाचं चित्र एवढंच देते. आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसते. जुना संगणक शोधावा किंवा कार्ड बसवून घ्यावं. तासाभराच्या टेपला सुमारे 13 जीबी जागा लागते. दुकानदार सीडी किंवा डीव्हीडी करून देतो म्हणाला तर फोटोसाठी ती घेऊ नये, मूळ डीव्ही फाईलच मागावी. कारण डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे, सुमारे पाच पटीने दाबलेली असते. कुठलीही उचला, दर्जा सारखाच. डीव्हीडीत आणि 2006 नंतरच्या एव्हीसीएचडी यंत्रांत एक फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त फरक नोंदलेला असतो. तिथे थोडं मागेपुढे करून जी फ्रेम जास्त स्वच्छ दिसेल ती घ्यावी लागते. फुकट मिळणाऱ्या व्हीएलसीमध्ये ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं, आणि व्हिडिओच्या यादीत फोटो घ्यायची आज्ञा असते.

छापायचा किती मोठा? इंचाला 300 ठिपके धरले तर डीव्हीची फ्रेम अडीच इंचांवर संपते, 200 धरले तर पावणेचार बाय पावणेतीन. पासपोर्टच्या 35 गुणिले 45 मिलिमीटर फोटोला 413 गुणिले 531 ठिपके लागतात, आणि आपल्या फ्रेमची उंची 576 आहे, म्हणजे चेहऱ्याने फ्रेम भरली असेल तर काठावर पास. फुल एचडीची फ्रेम 20 लाख ठिपक्यांची, ती सव्वासहा इंचांपर्यंत चालते. फोनवरच्या 4के चित्रणाची एक फ्रेम 83 लाखांची, तिचा बारा इंची फोटो निघतो.

लोक जुन्या टेपकडे वळतात ते बहुधा एकाच कारणाने. घरातलं मोठं माणूस जातं, हार घालायला फोटो हवा असतो, आणि हाती असतो तो आधारकार्डावरचा. अशा वेळी स्टेजवरचे गटफोटोवजा प्रसंग शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे चेहरा जेमतेम साठ ओळींचा असतो. पंगतीचा भाग लावावा. घास तोंडाशी नेताना कॅमेरा अंगावर येतो म्हणून सगळे शूटिंगवाल्यावर चिडतात, पण माणसांना जवळून, पुरेशा उजेडात आणि बेसावध टिपलेलं असतं ते तिथेच. दोन घासांच्या मधे आजोबा शेजारच्याकडे वळून काहीतरी बोलून हसतात, तेवढ्या पाचसात फ्रेम पुढेमागे करून बघाव्यात. पाच बाय चार इंचांपेक्षा मोठा करायचा मोह टाळावा. हल्ली चेहरा आपोआप ठळक करून देणारी ॲप्स आहेत. ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात, डोळे टपोरे करतात, सुरकुत्या पुसतात, आणि फोटो कुणा परक्याच्या आजोबांचा होऊन बसतो. थोडा धूसर राहिला तर राहू द्यावा, आणि त्याच्या फाईलच्या नावात कॅसेटचा नंबर आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या भावाला वेगळी फ्रेम आवडली तर शोधायला सोपं जाईल.